नऊ फुटांवरची पऱ्हाटी

निमखोरीच्या बेबीनंदानं रस्ता पोखरला, हे तुम्ही ऐकलंच असेल. मला एवढंच सांगा, त्या बाईला तुम्ही कधी डोळ्यांनी पाहिलंय का?

नाही ना? पण बोललात. टेंभुर्णीच्या बाजारात बोललात, चहाच्या गाड्यावर बोललात, कुणाच्या तरी मोबाइलवर आलेला तिचा फोटो पुढच्याला दाखवत "म्हातारीनं आख्खा रोड खाल्ला" म्हणून खदखदून हसलात. मी तिथं उभा होतो. मी ऐकलंय. तेव्हा हे जे लिहून राह्यलोय, ते तुमची आणखी करमणूक व्हावी म्हणून नाही. तुम्ही जिला हसलात तिच्या नावानं तहसील कचेरीतून नोटीस निघाली आहे. सरकारी रस्त्याखालून विनापरवाना माती काढली, रस्त्याला धोका पोचवला, असं तिच्यात छापलंय. तिचं म्हणणं ऐकायची तारीख पडली आहे, येत्या मंगळवारची. त्या दिवशी ती गुन्हेगार ठरेल, नाहीतर सुटेल. मधलं काही नाही.

म्हणून आधी बाई कोण ते वाचा. हसायचं मागाहून बघू.

बेबीनंदा तातेराव हिवराळे. वय विचारलं तर म्हणते, "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी वाहायला जात होते, टोपलं माझ्याहून मोठं होतं. आता तूच बघ." ठेंगणी बाई, उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरलेला, हाताचे तळवे असे की सुई टोचली तर सुई वाकेल. सोळाव्या वर्षी लग्न होऊन निमखोरीला आली. नवरा तातेराव, वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार माणूस, बारा वर्षांपूर्वी गेला. मुलगा-सून पुण्याकडं बांधकामावर असतात. नात साक्षी आजीपाशी राहते आणि टेंभुर्णीच्या कॉलेजात बारावीला जाते. घरात दोनच माणसं, आणि दोघींच्या जिभा सारख्या.

निमखोरीच्या बाहेर, ओढ्याच्या अंगाला, एक पांढर आहे. शहरातल्या वाचकांनी समजून घ्या. काही पिढ्यांपूर्वी गाव तिथं होतं. मग ते उठलं आणि खाली सरकलं. मागं उरला मातीचा उंचवटा. पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण, सगळं बसून बसून झालेली राखट पांढरी माती. आपली काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की त्यात कोंबडी जाईल. पांढरी तसं करत नाही. पाणी वरून निथळून जातं. म्हणून जोवर घरांना माळवदं होती, लाकडावर काटक्या आणि काटक्यांवर मातीचा जाड थर अशी, तोवर त्या थराला पांढरीच लागायची. दर वैशाखात नवा हात द्यावा लागायचा. दिला नाही की आषाढात अंथरुणावर धार.

ती माती खणायची कुणी? पाटलांनी? बौद्धवाड्यातल्या बायांनी. आणि त्यातही दोघींनी, बेबीनंदा आणि तिची मोठी जाऊ सोनूबाई. वरून खणलं तर गवताची मुळं येतात, खापराचे तुकडे येतात. चाळल्यासारखी मऊ माती पोटात असते. म्हणून या दोघी उंचवट्याच्या बगलेतून आडव्या शिरायच्या. बसून जाता येईल एवढं तोंड, आत रांजणासारखं पोट. एक आत कुदळ चालवणार, दुसरी टोपली ओढणार. माती डोक्यावरून गावात, घराच्या पाठीमागं शिडी लावलेली, शिडीवरून वर. शिडी कशाला? जिना नव्हता का? होता. जिना घराच्या आतून होता. माती आतून चालली असती, माती आणणारी चालली नसती.

मीही अशाच एका माळवदाखाली वाढलोय, पलीकडच्या आळीत, शेतकऱ्याच्या घरात. शिडी माझ्या बापानं लावलेली मी पाहिली आहे. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. हे मी माफी मागायला सांगत नाही. मला सगळं ठाऊक आहे हे तुम्हाला कळावं म्हणून सांगतो.

एक खाण रिकामी झाली की तिचं तोंड उघडं टाकायचं नाही, ही पांढरीवरच्या बायांची रीत. शेळी पडेल, लेकरू शिरेल. "आन् तोंड वासलेली खाण बघवत न्हाई," बेबीनंदा म्हणते, "मेलेल्या माणसाचं तोंड कसं बांधतात, तसं बांधावं लागतं." मग वेचणी संपलेल्या कापसाच्या पऱ्हाटीचे भारे त्या तोंडात ठासायचे, वर दगड, वर शेणमाती, आणि हात फिरवून असं लिपून टाकायचं की परक्याला तिथं कधी भोक होतं हे कळू नये. पहिल्या पावसाळ्यात त्यावर गवत यायचं. दहा-बारा वर्षांत अशा तीन खाणी त्या बगलेत झाल्या. तिन्ही लिपलेल्या, तिन्ही हिरव्या.

इथं चूक झाली. आळशी माणसाच्या हातून ती झालीच नसती. गबाळ्या बाईनं खाण उघडी टाकली असती, ती ढासळली असती, सगळ्या गावानं पाहिली असती. या दोघींनी ती इतकी नीट बंद केली की आतली पोकळी तशीच्या तशी राहिली.

मग रस्ता रुंद झाला. आधी गावाचा रस्ता म्हणजे पांढरीच्या खांद्यावरून जाणारी एक अरुंद वाट होती. बावीस वर्षांपूर्वी तिचा पक्का रस्ता झाला, आणि रुंदी वाढवली ती नेमकी बगलेच्या बाजूला. ठेकेदार कोण? रामप्रसाद, आजचे निमखोरीचे सरपंच. नवा भराव जुन्या उतारावर टाकायचा असेल तर आधी उतारावरचं गवत सोलून काढायचं, मग उतार पायऱ्यांसारखा कापायचा, मग एकेका पायरीवर थर देत वर यायचं, म्हणजे नवी माती जुन्या मातीत दात रोवून बसते. मी इंजिनिअर नाही. आठवीत मी शाळा सोडली आणि शाळेनंही मला अडवलं नाही. पण खात्याच्या नियमांचं पुस्तक मी पदरमोड करून आणलं आणि अर्थ लावत लावत वाचलं. रामप्रसादनं वाचलेलं नाही. त्यानं टिप्पर मागं घेतले आणि शेजारच्या शेतातली काळी माती त्या हिरव्या उतारावर धडाधड ओतली. पायऱ्या कापल्या असत्या तर पहिल्याच पायरीला खाणीचं तोंड उघडं पडलं असतं.

बेबीनंदा तेव्हा समोरच्या रानात कापूस वेचत होती. तिनं पाहिलं.

"मंग बोलली का न्हाईस?" मी एकदा विचारलं.

"मला वाटलं, सरकारी माणसं हायेत, त्यांना दिसलंच असंल. आपण काय सांगायचं." मग म्हणाली, "तेवढं एक माझं चुकलं."

तेवढं एक. बाकीच्यांनी आजवर तेवढंही कबूल केलेलं नाही.

त्यानंतर माळवदं गेली, पत्रे आले, स्लॅब आले. पांढरी कुणी विचारेना. सोनूबाई वारली. बेबीनंदा खुरपणीला, वेचणीला जात राहिली. रस्त्यावरून एसटी जात राहिली.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला, एका सकाळी, जमीन हलली. आपल्याकडं भूकंप म्हणजे मांडणीवरची भांडी वाजतात, माणसं अंगणात येतात, एकमेकांना "तुला कळलं का" विचारतात आणि चहा टाकतात. त्या दिवशीही तेच झालं. एकही घर पडलं नाही. पण पांढरीजवळ डांबराला मधोमध फट पडली, तळहात जाईल एवढी, आणि बगलेकडचा रस्ता वीतभर खाली बसला. तिसऱ्या दिवशी खात्यानं दोन्ही बाजूंना दगड मांडले. एसटी बंद. साक्षी आणि गावातल्या अकरा पोरी रोज सकाळी चार किलोमीटर फाट्यापर्यंत चालत जायला लागल्या.

महिन्याभरानं माती तपासणारी माणसं आली. जालन्याच्या एका खासगी प्रयोगशाळेला ते काम दिलेलं होतं. त्यांची इंजिनिअर तृप्ती, पंचविशीतली पोरगी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, बोलणं तोडून. सोबत लोखंडी तिपाई आणि चार मजूर. त्यांची पद्धत अशी की दर पन्नास मीटरला एक भोक पाडायचं, वीस फूट खोल, एकदा रस्त्याच्या उजव्या कडेला, एकदा डाव्या. भोकात पोकळ दांडा उभा करायचा. त्यावर त्रेसष्ट किलोचा घण अडीच फुटांवरून सोडायचा आणि दांडा एक फूट आत जायला किती ठोके लागले ते वहीत लिहायचं. ठोके जास्त, माती घट्ट. दांड्यात अडकून आलेली माती खोलीप्रमाणं खोक्याच्या कप्प्यात मांडायची.

बेबीनंदा दोन दिवस भाकरी बांधून तिथं बसून राहिली. ठोके मोजत. तिसऱ्या दिवशी उठली.

"ताई, हितं कशाला पाडता? तिकडं पाडा. तिकडं पोकळ हाय."

"कशावरून?"

"मीच केलंय."

मजुरांना हसू आवरेना. एक म्हणाला, "आज्जी, मेट्रो काढून राह्यल्त्या का?"

"मेट्रो न्हाई रे, तुझ्या आज्याच्या माळवदाला माती काढत होते. गळत होतं त्याचं घर, लेकरू मुतल्यावानी."

तृप्ती हसली नाही. पण ऐकलंही नाही. "आजी, भोकांच्या जागा नकाशावर ठरलेल्या आहेत. मला माझ्या मनानं बदलता येत नाहीत. बाजूला बसा, घण लागेल."

तेवढ्यात सरपंचांची गाडी आली. असल्या वेळी ती बराबर येते.

"ए बेबीनंदे, घरी जाय," रामप्रसाद खिडकीतूनच बोलले. "दोन महिन्यात रोड चालू होऊन राह्यलाय, त्यात काडी घालू नको. भेगा काळ्या मातीच्या हायेत, दरसाल पडतात. बुजवायच्या आन् डांबर टाकायचं."

"मालक, खाली पोकळ हाय."

"बावीस वर्षं एसटी गेली, तवा न्हाई पोकळ दिसलं?" मग काच आणखी खाली घेतली आणि आवाजही. "तू खणलं म्हणतीस. हे कुणी लिहून घेतलं तर कुठं जाशील, माहिती हाय का?"

ती घरी आली. साक्षीनं मला फोन केला. गावनात्यानं मी तिचा मामा. "मामा, आज्जीला समजावा. ती स्वतःच्या गळ्यात दोरी घालून घेऊन राह्यली."

मी गेलो तेव्हा आजी-नातीची जुंपलेली होती.

"तुला काय गरज पडलीय?" साक्षी ओरडत होती. "त्यांना कळंल तवा कळंल! तुला जेलात घातलं तर मी कुणाकडं जाऊ?"

"रोड चालू झाला की तू एसटीत बसणार का न्हाई?"

"बसणार. सगळ्याच बसणार."

"खिडकीपाशी बसशील?"

"आज्जी, काही पण काय बोलतीस!"

"डाव्या खिडकीपाशी बसू नको मंग. बगल डाव्या हाताला हाय."

यावर साक्षी पाणी प्यायला आत गेली आणि बराच वेळ आली नाही. मी समजवायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेबीनंदासोबत पांढरीवर होतो.

त्या दिवशी ती तृप्तीकडं गेलीच नाही. सरळ मातीच्या खोक्यांपाशी जाऊन उकिडवी बसली. एकेका कप्प्यातला गोळा उचलून, चुरून, जिभेला लावून परत ठेवायला लागली.

"आजी, नमुन्याला हात लावू नका!" तृप्ती धावत आली.

"हे तुमचं खालचं म्हणून लिवलंय, ही वरून ओतलेली काळी हाय. ही खरी पांढरी. आन् हे काय लिवलं?" दुसऱ्या भोकाच्या खोक्यातला, नऊ फुटांवरचा कप्पा. मातीत एक तपकिरी काटकी.

"मुळं. झाडाची मुळं असतात."

"कोणतं झाड?"

तृप्तीनं आजूबाजूला पाहिलं. तिथं पन्नास पावलांवर बाभूळसुद्धा नाही. "जुनं असेल. तोडलं असेल."

बेबीनंदानं काटकी दोन बोटांत धरून मोडली. "मुळी अशी मोडत न्हाई, चिवट असती. ही पऱ्हाटी हाय. ही बघ गाठ, हितं बोंडाचा देठ होता." आणि ती काटकी पोरीच्या तळहातावर ठेवली. "नऊ फुटावर कापूस उगवतो का गं, इंजनेर?"

पोरीचं एक चांगलं होतं, तेवढं मी कबूल करतो. तिनं वही उघडली. बाकी भोकांत नऊ फुटांवर पंधरा, अठरा, वीस ठोके. दुसऱ्या भोकात सहा. समोर तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "स्थानिक मऊ थर". ती ओळ तिनं दोनदा वाचली. मग वही मिटली आणि पहिल्यांदा नीट बाईकडं पाहिलं.

"आजी, आत कुठवर आहे?"

"पहिलीत आडवं पडलं की पाय भाईर राहायचे, तेवढीच. मधली मोठी. सोनूबाई आन् मी, दोघी मावायचो."

"जागा दाखवता येईल? रस्ता तर आता बदललाय."

"रस्ता बदलला, हीर कुठं बदलली?" ओढ्यापलीकडं एक जुनी विहीर आहे, तिच्याजवळ जनावरांच्या पाण्याची दगडी कुंडी, थारोळं. दम घ्यायला खाणीच्या तोंडाशी आलं की मधल्या खाणीतून ते थारोळं आणि त्याच्या पाठीमागचं शाळेच्या कौलाचं टोक एका रेषेत दिसायचं. पहिलीतून टोक डावीकडं, तिसरीतून उजवीकडं. बेबीनंदा पांढरीकडं पाठ करून रस्त्याच्या कडेनं आडवी सरकत गेली, खेकड्यासारखी, डोळे बारीक करून. थांबली. दगड ठेवला. पुन्हा सरकली. तीन दगड ठेवले आणि म्हणाली, "मधल्यावर पाड."

तृप्तीनं वरच्या साहेबांना फोन लावला. दोनदा "हो सर" आणि एकदा "माझ्या जबाबदारीवर" असं म्हणाली. तिपाई हलली. ही बातमी गावात जायला किती वेळ लागतो? भोक चार फुटांवर गेलं तोवर अर्धं गाव रस्त्यावर होतं, आणि सरपंच पुढं.

सात फुटांपर्यंत ठोके पडले. आठ फुटांवर मजुरांनी दांडा उतरवला, घण नुसता टेकवला. सोडला नाही, टेकवला. आणि दांडा खाली गेला. एकदम, कुणी आतून ओढल्यासारखा, चार फूट. घणाची साखळी धरलेला मजूर पुढं झेपावला.

"मॅडम, ठोके किती लिहू?"

"शून्य लिहा," तृप्ती म्हणाली.

आता तुम्हाला वाटत असेल, गावानं बाईचे पाय धरले असतील. ज्या जागेवरून आपल्या पोरी रोज जाणार होत्या तिथं आठ फुटांखाली चार फूट हवा होती, आणि एका बाईनं स्वतःहून ती दाखवली. तुम्हाला तसं वाटत असेल तर तुम्ही आपली माणसं ओळखत नाही. पहिला आवाज आला तो असा, "म्हंजे हिनंच पोखरला की रोड!" दुसरा हसला. तिसऱ्यानं मोबाइल काढला, दगडावर बसलेल्या बेबीनंदाचा फोटो घेतला आणि तो तुमच्यापर्यंत पोचला. आणि रामप्रसाद, ज्यांनी बावीस वर्षांपूर्वी त्या भोकावर माती ओतली, ते मोठ्यानं म्हणाले, "लिहा मॅडम, बराबर लिहा. बाईनं पंचासमोर कबूल केलंय."

बेबीनंदा उठली. साडी झटकली. "लिहा," ती म्हणाली. "मी खणलंय. चोरलं न्हाई, लपवलं न्हाई. आधी ते भरा, मंग काय लिहायचं ते लिहा."

भरलं. तेवढं झालं. तिन्ही खाणी उघडल्या, आतून कुजकी पऱ्हाटी ट्रॉल्या भरभरून निघाली. बगलेवरची सगळी काळी माती सोलून काढली आणि या खेपेला पायऱ्या कापल्या. मग मुरमाचा वीतभर थर, पाणी, रोलर, पुन्हा थर. प्रत्येक थर घट्ट बसला की नाही ते तृप्ती एक छोटा खड्डा घेऊन, त्यात वाळू ओतून मोजायची. दोनदा तिनं नव्या ठेकेदाराला थर उकरून पुन्हा दाबायला लावला, त्याच्या शिव्या खाल्ल्या आणि मागं हटली नाही. तळाशी जाळी टाकली, कडेनं पाणी जायला दगडी चर दिला. निमखोरीला जन्मात झाला नव्हता असा दोनशे फूट रस्ता झाला. नारळ फोडायला बेबीनंदाला बोलावलं नाही. सरपंचांना हार घालायला सगळे होते.

आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात नोटीस आली.

मी माहितीच्या अधिकारात दोन्ही कागद काढले. तृप्तीनं लिहिलेल्या अहवालात तीन गोष्टी आहेत: भरावाखाली जुन्या पोकळ्या होत्या, रुंदीकरणाच्या वेळी उतार न सोलता आणि पायऱ्या न कापता भराव टाकला होता, आणि पोकळ्यांची जागा गावातल्या एका ज्येष्ठ महिलेनं दाखवली. वर गेलेल्या अंतिम अहवालात पहिलीच गोष्ट उरली आहे. तिला शेपूट जोडलंय, "स्थानिकांच्या अनधिकृत उत्खननामुळे". दुसरी गेली. तिसरीतली ज्येष्ठ महिला तिकडून उचलून नोटिशीत बसवली.

तृप्तीला मी फोन केला. म्हणाली, "मी माझ्या सहीचा अहवाल बदललेला नाही. बोलावलं तर येऊन सांगेन." येईल असं मला वाटतं. पण ती मातीबद्दल सांगू शकेल, सालाबद्दल नाही. आणि सगळं प्रकरण सालावर अडलंय. बाईनं माती रस्ता व्हायच्या आधी काढली असेल तर तिनं सरकारी रस्ता पोखरला नाही, सरकारी रस्ता तिच्या खाणीवर येऊन बसला. मग जाब द्यायचा तो तेव्हाच्या ठेकेदारानं. रस्ता झाल्यावर काढली असेल, तर तिनं. रामप्रसाद म्हणतात, नंतर काढली, भराव फोडून आत शिरली आणि वरून पुन्हा लिपलं; आणि तो भराव तर आता सोलून गेलाय, दाखवायचं काय? तिच्याकडं पावती आहे का? माळवदाच्या मातीची पावती कुणी फाडली होती? मोबदला म्हणून जवारी मिळायची, ती खाऊन झाली.

म्हणून, रस्त्याच्या आधी माती आणली असं लिहून सही द्या म्हणत, मी दारोदार फिरलो. तेहेतीस घरं. ज्यांच्या माळवदावर तिनं माती टाकली ती घरं मला पाठ आहेत. एकानं सांगितलं, "आमचं आज्याच्या काळापासून पत्र्याचंच हाय." त्याच्या आज्याच्या काळात तालुक्यात पत्रा नव्हता. दुसरा म्हणाला, "तुझं खरं हाय, पण सरपंचाशी कोण वाकडं घेणार?" एक शिकलेला, मास्तर माणूस, मला म्हणाला, "कायद्यानं उत्खनन ते उत्खननच." या मास्तरची माय बाळंतीण असताना घर गळत होतं आणि बेबीनंदानं भर पावसात शिडीवरून माती चढवली होती. ते बाळ म्हणजे हाच मास्तर. मी त्याच्या दारात जे बोललो ते इथं छापता येणार नाही. माझ्या सख्ख्या भावानंही सही केली नाही. मी एकट्यानं केली. एका सहीवर कचेरी हलत नाही.

काल बेबीनंदाला विचारलं, मावशी, तारखेला काय सांगणार? साक्षी समोरच होती, कॉलेजातून एसटीनं आलेली. बेबीनंदा म्हणाली, "खणलं म्हणून सांगीन. रोडाच्या आधी खणलं म्हणून सांगीन. त्यांनी खोटं म्हटलं तर मी काय त्यांच्या अंगावर जाऊ? ज्यांच्या डोक्यावर माती होती त्यांनी बोलावं."

मग बोला. निमखोरीचे असाल, टेंभुर्णीचे असाल, पुण्या-संभाजीनगरला जाऊन फ्लॅटात बसला असाल, पण तुमचं बालपण त्या पांढरीच्या मातीखाली गेलं असेल, तर एक कोरा कागद घ्या. लिहा की बेबीनंदा हिवराळे हिनं आमच्या माळवदाला माती आमच्या घरच्यांच्या सांगण्यावरून आणली आणि ती रस्ता रुंद व्हायच्या आधी आणली. साल आठवत नसेल तर कुणाच्या लग्नाच्या, कुणाच्या जन्माच्या वर्षी ते लिहा. खाली पूर्ण नाव, गाव आणि सही करा. आणि येत्या मंगळवारी तहसील कचेरीच्या दारात मी उभा असेन, अकराच्या आत तो कागद घेऊन स्वतः या.